पिल्लाची आई कुठंय?

त्या अर्जावरची माझी सही मला आजही आठवते. निळ्या शाईची, घाईत केलेली, आणि तिच्या वर माझ्याच अक्षरात दोन ओळी: ‘सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्जदारास दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. अर्ज दफ्तरी.’ ज्यांना आमची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्ज ‘दफ्तरी’ झाला म्हणजे तो कपाटात गेला आणि आमच्यापुरता मेला.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आता निवृत्त आहे. शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात, तेव्हा लोकांना खून आणि दरोडे ऐकायचे असतात, मीही तेच सांगतो. हे प्रकरण कुठे सांगितलं नाही. कुत्र्यांचं प्रकरण म्हटल्यावर लोक हसतील ही एक भीती होती. कोणी हसलं नाही तर पुढचा प्रश्न काय येईल, ही त्याहून मोठी.

सोमवारची सकाळ होती. हजेरी झाली होती, अटकेतल्या आरोपींना कोर्टात न्यायची गडबड चालली होती. ओझरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. ओझर आमच्या हद्दीत येत नाही, पण पिल्लांचं दुकान आमच्या हद्दीत होतं, म्हणून ते सिटी बस पकडून माझ्यासमोर आले होते.

त्यांनी लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं होतं. कित्येक महिन्यांची पेन्शन एका दमात मोजून. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, त्यावर पिल्लाच्या आईवडिलांची इंग्रजी नावं. दुसऱ्या दिवशी पिल्लाला जुलाब सुरू झाले, रक्ताचे. सलाईन, इंजेक्शनं, दवाखान्यात भरती. पाचव्या दिवशी ते गेलं.

“काका, पावती आहे ना? मग ग्राहक मंचात जा,” मी म्हणालो.

“पैशाचं नाही साहेब. पैसे गेले ते गेले. दुकानदारानं आमच्या मंडळींना फोनवर सांगितलं, तुम्ही गाईचं दूध पाजलं म्हणून पिल्लू मेलं. तेव्हापासून ती कोरा चहा पिते. दुधाच्या पातेल्याला हात लावत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, पिल्लू आलं तेव्हाच आजारी होतं. पण तिला वाटतं, त्या समजूत काढतात. पोलिसांनी चौकशी करून सांगितलं तर मानेल ती.”

“आणि चौकशी कसली करायची?”

“त्या पिल्लाची आई कुठंय ते बघा. आई बघितली की सगळं कळतं. आमच्याकडं शेळीचं करडू घेतानासुद्धा आई बघतात. ह्याला मी तीनदा विचारलं. एकदा म्हणाला बंगळूरला आहे. एकदा म्हणाला पंजाबात. तिसऱ्यांदा म्हणाला, काका, आई कशाला पाहिजे? सर्टिफिकेट आहे ना!”

मी हसलो. “मग आता काय, मिसिंग दाखल करू? कुत्रीच्या शोधाला पथक पाठवू?”

शेजारी आमचे एक हवालदार उभे होते. ते लगेच कागद-पेन घेतल्यासारखं करून म्हणाले, “वर्णन सांगा काका. रंग गोरा, केस मोकळे, घरातून निघताना अंगावर काय होतं?”

सगळं ठाणं हसलं. हसणं थांबेपर्यंत त्या गृहस्थांनी फाईलमधला अर्ज माझ्या टेबलावर ठेवला होता. मग म्हणाले, “अर्जाची पोच द्या.”

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि सही. ती द्यायला अर्धं मिनिट लागतं. मी सांगितलं, शिक्का ज्याच्याकडे आहे तो बंदोबस्ताला गेलाय, उद्या या. ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. मग आले नाहीत.

आता जे सांगायचं ते इथेच सांगून टाकतो. त्याच दुकानातून, त्याच्या चार महिने आधी, माझ्या घरी लॅब्राडोरचंच एक पिल्लू आलं होतं. मुलीचा बारावीचा निकाल लागला होता. दुकानदार स्वतः घेऊन आला, वेताच्या टोपलीत, गुलाबी गोधडीवर ठेवून. मी पैसे विचारले. “साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं? लक्ष असू द्या म्हणजे झालं.” मी दोनदा नको म्हणालो. आपल्याकडे दोनदा नको म्हणायची पद्धतच आहे. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत पिल्लू मुलीच्या मांडीवर होतं. तिने त्याचं नाव कुकी ठेवलं. दुसऱ्या कुठल्या खात्यातल्या माणसाने असं पिल्लू घेतलं असतं तर मी त्याला लाच म्हणालो असतो. स्वतःच्या बाबतीत मी त्याला भेट म्हणालो.

फुकटचं पिल्लू फुकट पडत नाही, हेही लवकरच कळलं. लसी, जंताची औषधं, खास खाण्याच्या पिशव्या, कानाचे थेंब. उन्हाळ्यात तिच्यासाठी हॉलमध्ये कूलर. मुलीच्या क्लासच्या फीसाठी हात आखडणारा मी, कुत्रीच्या शाम्पूला नाही म्हणत नव्हतो. सोसायटीत तर एकाने हस्की पाळलेला. बर्फातला प्राणी, नाशिकच्या मे महिन्यात, चोवीस तास एसीत कोंडलेला. विचारलं तर मालक विजेचं बिल अभिमानाने सांगायचा. त्या कुत्र्याला काय वाटतं हे बिलात येत नव्हतं.

आठ महिने गेले. एक दिवस शहरातल्या एक पशुवैद्य बाई माझ्या केबिनमध्ये आल्या आणि टेबलावर तीन प्रमाणपत्रं ओळीने मांडली. तिन्ही सोनेरी किनारीची.

“साहेब, तुम्हाला एक चमत्कार दाखवते. तिन्हींवर आईचं नाव एक. जन्मतारीखही एकच. म्हणजे ह्या माउलीनं एकाच दिवशी एक लॅब्राडोर, एक पग आणि एक हस्की दिलाय.”

तेच हवालदार पुन्हा हसले. बाई त्यांच्याकडे वळल्या. “हसा. त्यातले दोन मेलेत. तिसरा उद्यापर्यंत टिकला तर खूप.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सगळी पिल्लं आजार अंगात घेऊनच दुकानात येतात. आणि आणखी एक. सगळ्यांच्या पंजांची बोटं फाकलेली आहेत. पिल्लू सपाट जमिनीवर वाढलं की पंजा मिटलेला राहतो. ही फटी असलेल्या तळावर वाढलीत. तो तळ कुठला, ते शोधायचं काम तुमचं. आठ महिन्यांपूर्वी ओझरच्या एका काकांना मी तुमच्याकडे पाठवलं होतं. त्यांचं काय झालं?”

मी म्हणालो, “बघतो.” बघायचं काही नव्हतं. तो अर्ज कपाटात कुठल्या कप्प्यात आहे हे मला माहीत होतं.

बाईंची फिर्याद घेतली. फसवणूक आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवणं, अशा कलमांखाली गुन्हा दाखल झाला. दुकानदाराला नोटीस देऊन बोलावलं. तो आला तो पाहुण्यासारखा. खुर्ची ओढून बसला, चहा मागितला. चौकशीत घाबरणारा माणूस आम्हाला सोपा जातो. आपल्याला घाबरायचं कारण नाही असं ज्याला वाटतं, त्याच्याकडे बहुधा काहीतरी असतं. ह्याच्याकडे काय आहे, हे मला ठाऊक होतं.

“कागदांवर एकच आई कशी?” मी विचारलं.

“छपाईची चूक साहेब. पण खरं सांगू? गिऱ्हाईक कुत्रं घ्यायला येतच नाही. कागद घ्यायला येतं. संध्याकाळी फिरवताना कोणी विचारलं, प्युअर आहे का, तर ताठ मानेनं हो म्हणता आलं पाहिजे. मी तो ‘हो’ विकतो. कुत्रं त्याच्याबरोबर जातं.”

“पिल्लं येतात कुठून?”

“बाहेरून.” चहाचा घोट घेऊन तो सावकाश म्हणाला, “बरं, कुकी कशी आहे साहेब? वहिनींना विचारलंय म्हणून सांगा.”

खोलीत माझे दोन कर्मचारी होते. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्याने उगाच रजिस्टरचं पान उलटलं. मी दुकानदाराला दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन हजर राहायला सांगितलं आणि जाऊ दिलं. अशा गुन्ह्यात नोटीस देऊन सोडता येतं, हे खरं. मी त्याला त्यासाठी सोडलं नाही, हेही खरं.

संध्याकाळी घरी येऊन मी कुकीला जवळ घेतलं आणि तिचा पुढचा पंजा हातात धरला. बोटं फाकलेली होती. दाबली तरी मिटत नव्हती.

“काय बघताय?” बायकोने विचारलं. “पहिल्या दिवसापासून तसाच आहे तो.”

“पहिल्या दिवशी आणखी काय होतं?”

“ती गुलाबी गोधडी नाही का? धुवायला घेतली आणि झटकली, तर कांद्याची टरफलं पडली. मूठभर. मी तुम्हाला दाखवलीसुद्धा. तुम्ही म्हणालात, पेपर वाचू दे.”

फटींचा तळ आणि कांद्याची टरफलं. नाशिक जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसाला ह्यापुढे सांगावं लागू नये. कांदा सडू नये म्हणून त्याला खालूनही वारा लागावा लागतो. म्हणून कांदाचाळीचा तळ जमिनीपासून हात-दीड हात वर, पट्ट्यांचा, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी ठेवून बांधतात. मी शेकडो चाळी पाहिल्या होत्या. पुरावा वर्षभर माझ्या हॉलमध्ये कूलरसमोर झोपत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदार फाईल घेऊन आला. मी फाईल उघडलीच नाही.

“चाळ कुणाची?”

“कसली चाळ?” तो म्हणाला, पण हातातला कप त्याने खाली ठेवला.

“कांद्याची. जिच्यात कांदा नाही ती.”

त्याने फाईल परत आपल्याकडे ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मेहुण्याची. नामपूरच्या बाजूला.” आणि आणखी खाली, “साहेब, आता कुकीचंही निघेल.”

“निघू दे,” मी म्हणालो. हवालदारांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या दोन शब्दांचं मी पुढे काय केलं, ते सांगणार आहे.

नामपूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं. त्यांना कळवलं, दोन पंच घेतले, पशुवैद्य बाईंना गाडीत घेतलं आणि दुपारच्या आत पोचलो. उन्हाळ कांदा भरायचे दिवस होते. आजूबाजूच्या सगळ्या चाळी उघड्या, वारं खेळणाऱ्या, अर्ध्या भरलेल्या. एकच चाळ चारी बाजूंनी हिरव्या शेडनेटने झाकलेली. बांधावर एक बाई कांदा निवडत बसल्या होत्या. आम्ही काही विचारायच्या आत त्याच बोलल्या.

“चाळमा कांदा नही शे दादा, कुत्र्या शेतस. दिनभर वरडतस. आम्ही बोलनूत ते म्हने, फारेनना कुत्रा शेतस, तुमले काय समजस!” मग मान हलवून म्हणाल्या, “आमले इतलं समजस, चाळमा जनावर बांधतस नही.”

शेडनेट फाडलं. आधी वास आला. आत जाळीचे कप्पे करून एकोणीस माद्या ठेवल्या होत्या. लॅब्राडोर, पग, हस्की, आणखी काही. प्रत्येक मादी पिल्लं देण्यापुरती जिवंत ठेवलेली. ओघळलेली आचळं, बरगड्या, नखं इतकी वाढलेली की वळून पट्ट्यांच्या फटींत अडकलेली. एकीचे डोळे गेले होते. खाली महिनोन्‌महिन्यांची घाण, आणि कोपऱ्यांत जुन्या कांद्याची टरफलं उडत होती. पहिल्या मादीला उचलून बाहेर मातीवर ठेवलं, तर तिने एक पाय वर घेतला आणि तसाच धरून ठेवला. तिला सपाट जमिनीवर पाय टेकवता येईना.

पंचनामा सुरू झाला. जप्त केलेली प्रत्येक गोष्ट आमच्या भाषेत मुद्देमाल असते, आणि मुद्देमालाची अंदाजे किंमत लिहावी लागते. शिपाई लिहीत होता, ‘लॅब्राडोर जातीची मादी, एक.’ तो थांबला. “साहेब, किंमत काय लावू?”

पशुवैद्य बाई त्या मादीच्या हिरड्या बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शून्य लावा. हिला आता पिल्लं होणार नाहीत. बाजारात हिला कोण विचारतंय?”

ज्या पिल्लासाठी एका फिटरने कित्येक महिन्यांची पेन्शन मोजली, त्याच्या आईच्या नावापुढे शून्य. शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी रकाना रिकामा ठेवायला सांगितला. नियमात बसत नव्हतं. वरिष्ठांनी नंतर खुलासा मागितला, तो दिला.

मला आजही संताप येतो, आणि तो फक्त त्या दुकानदारावर येत नाही. माणसाची जात विचारताना आपण निदान आवाज खाली आणतो. कुत्र्याची मात्र भर रस्त्यात, छाती काढून विचारतो. शुद्ध आहे ना? भेसळ नाही ना? किंमत किती पडली? सांगणारा आकडा वाढवून सांगतो, कारण आकडा मोठा म्हणजे मालक मोठा. शिकलेली, बंगल्यात राहणारी, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं त्या काचेच्या दुकानात तोंडातून शब्द न काढता पैसे ठेवत होती. एकानेही विचारलं नाही, ह्याची आई कुठंय. विचारणारा एकच निघाला. त्याला आम्ही हसलो.

आता त्या दोन शब्दांबद्दल. ‘निघू दे’ म्हणालो होतो, पण निघू दिलं नाही. दुकानाच्या नोंदींत विकलेल्या पिल्लांची यादी सापडली, त्या प्रत्येक घराचा जबाब घेतला. कुकी विकली गेलीच नव्हती, त्यामुळे ती यादीत नव्हती. मी केस डायरीत तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर तपास माझ्याकडून गेला असता, खातेनिहाय चौकशी लागली असती, आणि ते योग्यच झालं असतं. माझ्या दोन कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं. ते माझ्यासाठी गप्प बसले. त्यांना गप्प बसायला लावणं, हाही माझाच गुन्हा.

दोषारोपपत्र गेलं. दुकानदार जामिनावर सुटला, तारखा अजून चालू आहेत. ऐकतो की त्याच्या नात्यातल्या कोणीतरी दुसऱ्या शहरात तसंच काचेचं दुकान काढलंय.

छाप्यानंतर आठवड्याने मी ओझरला गेलो होतो, गणवेशात, पशुवैद्य बाईंचा अहवाल घेऊन. काकूंना समोर बसवून तो मराठीत वाचून दाखवला. पिल्लू घरी येण्याआधीच आजारी होतं. दुधाचा काही संबंध नव्हता. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तुम्हाला आत्ता कळलं?”

“हो.”

“ह्यांनी तर गणपतीतच सांगितलं होतं ना तुम्हाला?”

मी अहवालाची घडी घातली. त्या उठल्या आणि चहा करून आणला. दुधाचा होता. माझ्यासाठीही आणि स्वतःसाठीही. त्यांनी माझ्यासमोर तो पूर्ण प्यायला.

कोर्टाने कुत्र्यांचा तात्पुरता ताबा द्यायचं ठरवलं, तेव्हा काकांनी सुपूर्दनाम्यावर सही करून एक लॅब्राडोर मादी घरी नेली. तीच, पंचनाम्यात जिच्या नावापुढे किंमत नाही. काकू तिला माई म्हणतात.

निवृत्तीनंतर, ह्याच वर्षी, मी पुन्हा ओझरला गेलो. ह्या वेळी कुकीला घेऊन. तिच्या डाव्या कानाला एक घडी आहे. माईच्याही डाव्या कानाला तशीच घडी आहे, हे मी चाळीतच पाहिलं होतं आणि मनात दाबून ठेवलं होतं. माई अंगणात मोरीच्या लोखंडी जाळीवर बसली होती. घरात गादी आहे, फरशी आहे, पण ती दिवसभर तिथेच बसते, काका म्हणाले. फटींवरच तिला बरं वाटतं.

कुकी पुढे गेली. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. इतक्या ओळख परेड घेतल्या, ही सगळ्यात सोपी असेल. माईने तिला हुंगलं आणि तोंड फिरवलं. कुकी गेटकडे जाऊन बसली. दोघींना एकमेकींचं काही नव्हतं. किती पिल्लं तिच्याजवळून उचलून नेली असतील, त्यांतलं हे एक.

मग मी काकांना सगळं सांगितलं. टोपली, गुलाबी गोधडी, टरफलं, केस डायरीत न लिहिलेली ओळ. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते कुकीकडे बघत राहिले.

“म्हणजे मी तुमच्यापुढं उभा राहून पिल्लाची आई कुठंय विचारत होतो, तेव्हा तिची एक लेक तुमच्या घरात होती?”

“होती.”

“हे लिहून द्याल?”

“देतो.”

“द्या. आणि माझ्या अर्जाची पोच राहिलीय अजून.”

शिक्का आता माझ्याकडे नाही. नाव घालायचं नाही असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. काकांच्या हाती जी प्रत देणार आहे, तिच्याखाली मात्र सही करतोय, निळ्या शाईने, घाई न करता. सहीच्या वर दोनच शब्द.

अर्ज मिळाला.